एका सुरीला एक पोफळ

सुऱ्या जमवणाऱ्या माणसानं सुऱ्यांवर किती खर्च करावा, याचा माझ्या वडिलांनी एक नियम केला होता. एका सुरीला एक पोफळ. म्हणजे एका झाडाची वर्षाची जेवढी सुपारी निघेल तेवढीच एका सुरीची किंमत द्यायची, त्याहून एक खांड जास्त द्यायचं नाही. संध्याकाळी ओटीवर मंडळी जमली की हा नियम ते अशा थाटात सांगत, की वाटावं शास्त्रकारांनी तेवढा लिहायचा राहून गेला आणि ते काम यांच्यावर येऊन पडलं. "छंदाला लगाम हवा," असंही वर म्हणत. मंडळी माना डोलवत. आई तेव्हा आत चुलीपुढे असे.

आमचं घर श्रीवर्धनचं. मागे वाडी, वाडीत नारळ थोडे आणि पोफळी भरपूर. वडिलांना काही काम नव्हतं असं म्हटलं असतं तर ते रागावले असते, पण खरोखरच नव्हतं. शिंपणं करायला गडी होते, झाडावर चढायला गडी होते, सुपारी सोलायला बायका येत, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला आई होती. वडील सुऱ्या पुसत. दुपारी जेवण झालं की शिसवी पेटी उघडायची, जुन्या धोतराच्या फडक्याला खोबरेल लावायचं आणि एकेक पातं पुसत बसायचं, हा त्यांचा उद्योग. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड बघता बघता तांबडं पडतं, त्यामुळे त्यांच्या उद्योगाला खळ नव्हता. पेन्शनीत आलेल्या एका शिपायाकडून घेतलेली खुकरी त्या पेटीत होती, हस्तिदंती मुठीचा विलायती चाकू होता, मलायाकडची नागमोडी पात्याची सुरी होती. गावचे फौजदार आमच्याकडे सोंगट्या खेळायला येत, त्यामुळे आमच्या गावावर राज्य करणाऱ्या नबाबाच्या मुलखात या पेटीला परवाना आहे का, हे विचारणारं कोणी नव्हतं. यातल्या एकाही पात्यानं आमच्या घरात कधी काकडी चिरली गेली नाही. आईची विळी पाटात डुगडुगत असे. ती नीट करून आणा म्हटलं की वडील म्हणत, "बघू."

बहुतेक सुऱ्या यायच्या समुद्रावरून. गावातलाच एक मुसलमान तांडेल गलबत घेऊन मस्कत, बसरा, पार जंगबारपर्यंत जायचा आणि वैशाखात, पावसाच्या आधी, घरी परतायचा. माणूस गोड बोलायचा आणि वडिलांची नाडी त्यानं बरोबर ओळखली होती. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, म्हणून तो ती ओटीच्या कडेला ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. वडील ती उचलायचे. एवढं पथ्य पाळूनही भांडणं व्हायची, ती आमच्या घरात.

त्याला रुपये नको असत. श्रीवर्धनची सुपारी बंदराबंदरांतून नाण्यासारखी चालते, असं तो म्हणे. वडिलांनाही तेच सोयीचं होतं. रुपये द्यायचे तर ते फडताळातून काढावे लागले असते, आणि काढताना स्वतःलाच दिसले असते. सुपारीचं तसं नव्हतं. ती झाडावरून येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते, मग दिली म्हणून काय खर्च झाला? आमच्याकडच्या वाडीवाल्यांची ही खोडच होती. जे वर लागतं ते पैसे नव्हेत, अशी त्यांची पक्की समजूत. वडिलांनी त्या समजुतीवर एक पेटी भरून दाखवली, एवढंच.

नियमाचं म्हणाल तर तो दर वर्षी थोडा थोडा फुगत गेला. म्यान असलं तर म्यानाची वेगळी पोफळ. मुठीला चांदी असली तर आणखी एक. फार लांबून आणली असेल तर आणणाऱ्याच्या मेहनतीची एक. एकेका सुरीपायी तीन-चार पोफळींचं पीक जाऊ लागलं, तरी ओटीवर सांगायचा नियम तोच होता. पुढे मी पुष्कळ छंदिष्ट माणसं पाहिली. किती खर्च करावा हे त्यांतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं.

एका गोष्टीला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. विहिरीकडच्या ओळीतल्या पोफळी आईच्या होत्या. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, त्या तिला चोळीबांगडीसाठी दिल्या होत्या. कागद झाला नव्हता, नुसता शब्द होता. पण त्या ओळीचं पीक वेगळं उतरायचं, अंगणात वेगळं वाळायचं आणि माळ्यावर वेगळ्या पोत्यांत जायचं. आईनं त्यातून स्वतःला कधी चोळी शिवली नाही की बांगडी केली नाही. सालासकट सुपारी पुष्कळ टिकते. भाव येईल तेव्हा विकू म्हणून तिनं दोन-तीन वर्षांचं पीक तसंच साठवलं होतं.

ते कशासाठी, हे मला माहीत होतं. मी मराठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पहिली आले होते. आमच्या मुलींच्या शाळेतल्या बाई पुण्याच्या, विधवा होत्या, आणि एकट्या राहून स्वतःच्या पगारावर जगत होत्या. त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, की या मुलीला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवा, पुढे मास्तरीण होईल. तिथं शिकणाऱ्यांना वेतन मिळतं, पण ते सुरू होईपर्यंतचा खर्च, आगबोटीचं भाडं, रेल्वे, चार लुगडी एवढं आपलं आपण पाहायला हवं. आई म्हणाली, "माझ्या पोफळी आहेत." वडील म्हणाले, "बघू." मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या वयाच्या बहुतेक मुलींच्या कडेवर मूल होतं. गावात कुजबुज सुरू झाली होती. मला तिची पर्वा नव्हती. मी रात्रंदिवस पुण्याचीच स्वप्नं पाहत होते. पाऊस सुरू झाला की आगबोटी बंद होतात, म्हणून ज्येष्ठातल्या शेवटच्या बोटीनं बाईंबरोबर जायचं ठरलं होतं.

वैशाखात तांडेल आला. कमरेच्या शेल्यातून त्यानं एक जंबिया, म्हणजे अरबांची वाकडी कट्यार, काढला आणि ओटीच्या कडेला ठेवला. वाकडं म्यान, त्यावर चांदीची बारीक जाळी, शिंगाची मूठ हाताळून हाताळून मधासारखी पिवळी झालेली. खोटं कशाला बोलू, वस्तू सुंदर होती.

"मस्कतचा हाय, काका," तांडेल म्हणाला. "शेखाच्या घरातला. कसम, आसा नग पुन्ना न्हाय गावायचा."

वडिलांनी तो उचलला तो खाली ठेवेनात. तांडेलानं मागितलेली किंमत मोठी होती, आणि वडिलांच्या वाट्याची त्या सालची सुपारी खुकरीपायी आणि आणखी कशाकशापायी आधीच गेली होती. "चार दिस इचार करा," असं म्हणून तांडेल जंबिया घेऊन गेला. तेव्हापासून वडिलांचं जेवणावरून मन उडालं. पानावर बसायचे, भात चिवडायचे, उठायचे. पोटचं कोणी गेल्यासारखे वाडीत येरझाऱ्या घालायचे. मला हसू यायचं. आई हसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले होते. परत आले तर ओटीवर वडील बसलेले, मांडीवर जंबिया, हातात खोबरेलाचं फडकं. मी माळ्यावर चढून पाहिलं. आईची पोती नव्हती. खाली भुसा तेवढा सांडला होता.

मी वडिलांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या काळी मुली बापापुढे मान वर करत नसत; मी आवाज एवढा चढवला की शेजारच्या वाडीतले गडी शिंपणं थांबवून ऐकत राहिले. मी त्यांना चोर म्हणाले. बायकोची चोळी विकून खाणारा म्हणाले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पुढच्या वर्षी पाहू," एवढंच पुटपुटले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिची केवढी मोठी लूट झाली, आणि ती माझंच समाधान करतेय, या विचारानं मला आणखीच रडू आलं.

शेवटची बोट गेली. बाई एकट्याच गेल्या, आणि पुढे त्यांची बदली झाली. मार्गशीर्षात माझं लग्न पेणच्या एका कारकुनाशी झालं. माणूस वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, आणि माझ्या हातात वर्तमानपत्र दिसलं की घडी मोडेल म्हणून काढून घेत असे. मला मुलं झाली. त्यांना मीच शिकवलं. लोक म्हणत, "चांगलं शिकवता हो, मास्तरीण व्हायचं होतंत," आणि मी हसून वेळ मारून नेत असे. वडिलांशी मी त्यानंतर धड बोलले नाही. वर्षाकाठी चार दिवस माहेरी जायचे ते आईसाठी. ते ओटीवर असले की मी मागच्या दारानं शिरायचे.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा दुसरी जागतिक लढाई अजून सुरू झाली नव्हती. तेराव्याला मी माहेरीच होते. जुन्या वस्तू घेणारा एक मुंबईचा व्यापारी कानोसा घेत आला, त्यानं पेटी उघडून सगळं पाहिलं आणि आकडा सांगितला. जंबियाचा भाव त्यानं वेगळा सांगितला, आणि तो चांगला होता. विचार करून सांगतो म्हणून आम्ही त्याला धर्मशाळेत थांबवलं.

"जंबियाचे पैसे माझे," मी आईला म्हणाले. "पुण्याचे आहेत ते. बाबांनी तुझी पोती उचलली तेव्हाच तू बोलायला हवं होतंस. गप्प कशी बसलीस गं तू?"

आई पेटीतली फडकी काढून घड्या घालत होती. ती वर न पाहता म्हणाली, "त्यांनी कुठं उचलली? मी दिली."

मला वाटलं, आता गेलेल्या माणसाची अब्रू झाकतेय. "ते जेवत नव्हते म्हणून?"

"जेवले असते चौथ्या दिवशी. कोणी मरत नाही सुरीवाचून." मग आणखी एक फडकं उचलत म्हणाली, "ते नकोच म्हणत होते. पोरीचं आहे, म्हणत होते. मीच गड्याला बोलावून पोती खाली उतरवली. आणि तुला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांना माझी शपथ घातली."

"का?"

"तू गेली असतीस," आई म्हणाली. "बाईंसारखी कुठंतरी देशावर राहिली असतीस. मग या घरात मी बोलायचं कोणाशी? ते तर दिवसभर सुऱ्यांशीच बोलत."

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला पहिल्यांदा राग आलाच नाही. तिची कीव आली. मग मात्र आला. एवढं करून तिला मी मिळाले किती? वैशाखापासून मार्गशीर्षापर्यंत. लग्न लावून तिनंच मला पेणला पाठवलं. तेवढ्या महिन्यांसाठी तिनं मोजली इतकी किंमत तर माझ्या वडिलांनीही कधी सुरीला दिली नव्हती. त्यांनी शपथ पाळली, माझ्या शिव्या मुकाट्यानं खाल्ल्या, म्हणून मी त्यांनाही माफ केलेलं नाही. नको म्हणाले असतील. पण जंबिया घेतला तर होताच, दोन्ही हातांनी.

"माझ्या जागी तू असतीस तर?" आईनं विचारलं.

मी उठले. व्यापाऱ्याला बोलावून पेटी त्याच्या स्वाधीन केली. जंबियाचे पैसे आईनं माझ्यापुढे सरकवले, आणि ते मी घेतले. दुसऱ्या दिवशी आगबोट होती. मी बिछाना बांधायला लागले तशी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी अगदीच एकटी गं. चार दिवस राहा की."

मी राहिले नाही.