वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नाही

घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या रत्नप्रभाबाईंच्या घरी तांदूळ कधी संपत नाहीत, ते वाढतात. देवापुढचा दिवा विझत नाही, बांगडी फुटत नाही, सगळं आपलं वाढतंच. सासूबाईंनी मालवणाहून आणलेला हा रिवाज. घरात अभद्र बोलायचं नाही, कारण वास्तुपुरुष सदा तथास्तु म्हणत असतो. पण संसार म्हटला की नकार द्यावा लागतो, मनाई करावी लागते, संकटाचं नावही काढावं लागतं. बाईंनी त्यावर तोड काढली. असलं सगळं त्या इंग्रजीत बोलायच्या. वर म्हणायच्या, आपला वास्तुपुरुष मराठी शाळेतला, त्याला काय कळतंय!

हे शब्द त्यांना मिळाले माधुरी डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथे त्या पेशंटचे नंबर लावायला बसतात. पडद्यापलीकडून दिवसभर कानावर पडायचं, तेलकट अव्हॉइड करा, टीबी रूल आऊट करून घेऊ. म्हणजे तपासून शंका कायमची खोडून टाकायची. हा शब्द बाईंना इतका आवडला की त्यांनी तो घरी आणून कामालाच जुंपला. दूध नासलंय का, आधी रूल आऊट. गॅस चालू राहिला का, रूल आऊट. लेक श्रुतिकाला कांदिवलीचं स्थळ आलं, मुलगा दिसायला झकास, पण बाइक बेफाम चालवतो असं कळलं. झालं, तोही रूल आऊट. बाईंचा नवरा गुणाजी वायरमन. तो म्हणायचा, बरं झालं, आमच्या लग्नाच्या वेळी हिला हा शब्द येत नव्हता.

गुणाजी माणूस लाख मोलाचा, पण गालात तंबाखूची गोळी कायमची. ती अव्हॉइड करा म्हणून बाई रोज सांगायच्या, तो रोज मान डोलवायचा. शेवटी व्हायचं तेच झालं. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, जेवताना तिखट झोंबायला लागलं. बाईंनी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "छोटा तुकडा काढून तपासू या. कॅन्सर रूल आऊट केलेला बरा."

रोजचाच शब्द हो, पण स्वतःच्या माणसासमोर येऊन उभा राहिला तेव्हा बाईंनी डॉक्टरांना त्याचा अर्थ पुन्हा विचारला.

गुणाजीने तपासणीला साफ नकार दिला. सुई लागली की दुखणं पसरतं, असं कामावर कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवून ठेवलेलं. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं की तसं काही नसतं, पण ऐकेल तर शपथ. आणि बाई? एरवी तोंडाचा पट्टा चालू, त्या एकदम गप्प झाल्या. त्या आजाराचं नाव आता मराठीतलंच झालेलं, ते काढावं तर वास्तुपुरुष टपलेलाच, आणि इंग्रजी शब्द ओठावर आला की डॉक्टरांचा आवाज आठवायचा. दूध नासलं तर मुकाट्याने ओतून द्यायच्या. श्रुतिकाने भजी तळली, तरी अव्हॉइड नाही की काही नाही. घर कसं खायला उठलं.

गुणाजीने या गप्प बसण्याचा भलताच अर्थ काढला. रविवारी दुपारी त्याने अर्धं जेवलेलं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "डॉक्टरांनी तुला एकटीला काय सांगितलंय गो? माझे दिवस भरले, म्हणून बोलत नाहीस ना?"

बाई चरकल्या. ज्याला जपायचं म्हणून तोंड मिटून घेतलं, तो माणूस त्यामुळेच आतून खचत चालला होता. त्यांनी देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं. म्हणू दे वास्तुपुरुषाला काय म्हणायचं ते.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही. कॅन्सर असेल, नसेल, तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही कळणार नाही. मला भीती वाटते हो. पण असला तरी मी तुम्हाला एकट्याला सोडणार नाही, मरू तर मुळीच देणार नाही."

सगळं स्वच्छ मराठीत. मोरीत भांडी घासणारी श्रुतिका तशीच ओल्या हातांनी दारात आली. आईच्या तोंडून या घरात असले शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. गुणाजीने बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

"उद्या जाऊ," तो म्हणाला.

"जाऊ नाही, जाऊन येऊ," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

तुकडा काढला, तपासायला गेला. तंबाखूची डबी गुणाजीने आपण होऊन बाईंच्या हातात ठेवली. रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्यात यायचा त्याला धीर होईना, म्हणून बाई एकट्याच थांबल्या. त्याने घरी हाताला काम असावं म्हणून बोंबील तळायला घेतले. दारात चपला काढल्याचा आवाज आला, पण मागे वळून विचारायची त्याची छाती नव्हती. तो नुसताच बोंबील उलटत राहिला.

बाई त्याच्याजवळ आल्या, तव्यात डोकावल्या.

"एवढं तेल? अव्हॉइड करा म्हणून किती वेळा सांगायचं हो तुम्हाला?"

गुणाजीने गॅस बंद केला, ओट्याला पाठ टेकून तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.