हैदराबादचं भाषण

धारूरच्या पेठेत शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बोलण्यासाठी. बसवजयंती असो, कपिलधारची यात्रा असो, नाहीतर एखाद्या शाळेचं संमेलन, आप्पा बोलायला लागले की निघालेली माणसं परत खाली बसायची. मानधन म्हणजे नारळ, फार तर एस्टीचं भाडं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. सल एवढाच होता, की घाट उतरला की आपल्याला कुणी ओळखत नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर हैदराबादहून एक जाड पाकीट आलं. कुठल्याशा मराठी वक्ता परिषदेचं पत्र होतं. 'आपल्या ओघवत्या वाणीचा लौकिक आमच्यापर्यंत पोचला आहे,' असं सुबक टाईप केलेलं. शाल, सन्मानपत्र, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं मिळणार होतं. तेवढा नोंदणीचा ड्राफ्ट आधी पाठवायचा होता. आप्पांनी पत्र चारदा वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले.

निघताना पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हार घातला. राधाकिशन अडत्याने तर परळीच्या स्टेशनपर्यंत जीप दिली.

सुलतान बाजारातल्या त्या पत्त्यावर वह्या-कागदांचं गोदाम होतं. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या वॉचमनने पत्र हातात न घेताच मान हलवली.

"सुबू से चौथे हो आप, साब. हॉल-बील कुछ नई यहाँ."

आप्पा पायरीवर बसले. भाषण पाठ होतं, ते उगाच डोक्यात चालूच राहिलं. कधी डोळे भरून आले ते त्यांना कळलं नाही. वॉचमनने पाणी दिलं, गावाचं नाव विचारलं, धंदा विचारला. पुढे ते बाजारात गेले आणि एक चांगलीशी शाल विकत घेतली. उभा जन्म कापड विकण्यात गेलेल्या माणसाने त्या दिवशी भाव केला नाही.

घरी शांतादेवींनी शाल बोटांत धरून पाहिली. "दिली का घेतली?" त्यांनी विचारलं.

"दिली," आप्पा म्हणाले.

बायकोने पुढे काही विचारलं नाही. गावाने मात्र सगळं विचारलं, आणि आप्पांनी सगळं सांगितलं. सभागृह केवढं होतं, टाळ्या किती पडल्या. चौकात सत्कार झाला, बातमी छापून आली. खोटं बोलताना आपली जीभ एकदाही अडखळली नाही, याचंच त्यांना पुढे फार नवल वाटायचं.

वर्ष गेलं. एके दिवशी केजच्या सुभद्राबाई दुकानात आल्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण, नवरा लवकर गेलेला. साक्षरता मोहिमेत गावोगाव बोलत हिंडलेली बाई. त्यांचं ऐकून म्हाताऱ्या बायांनी पाटी हातात धरली होती. पिशवीतून त्यांनी तसंच जाड पाकीट काढलं.

"आप्पा, मलाबी आलंय. तुमी जाऊन आलाव म्हणून इचारायला आले. खरं हाय ना?"

दुकानात राधाकिशन बसलेला होता. "खरं न्हाई तर काय," तो म्हणाला. "आप्पांची शाल बघितली न्हाई का तुमी?"

बाई आप्पांकडे बघत राहिल्या. आप्पांनी समोरचा तागा गुंडाळायला घेतला.

"जाऊन या," ते म्हणाले. "चांगलं असतंय."

बाईंना उंबऱ्यापर्यंत पोचवायला जावं, बाहेर खरं सांगून टाकावं, असं मनात आलं होतं. पण राधाकिशनने दुसराच विषय काढला, आणि बाई कोपऱ्यावरून वळून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. दुकानात कुणी नव्हतं.

"तिथला म्हातारा सांगत होता," त्या हळू म्हणाल्या, "मागच्या साली धारूरचा कापडवाला आलता म्हणं. पायरीवर बसून रडला म्हणं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमी कावून सांगितलं न्हाई, आप्पा?"

हजार माणसांपुढे न अडणाऱ्या आप्पांनी समोरचा तागा उलगडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. बाई वाट बघत उभ्या राहिल्या, मग केजच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. त्यांनी ही गोष्ट कुठे बोलून दाखवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर आप्पांना झोप तरी लागली असती.

पुढच्या बसवजयंतीला त्यांनी भर सभेत सगळं सांगितलं, शालीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन लागतं असं कबूल करायला, म्हणाले. आप्पांना त्या टाळ्या नकोशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते केजला गेले. बाईंनी चहा ठेवला. आप्पांनी माफी मागितली, आणि कपिलधारला बायकांच्या मेळाव्यात बोलायला या म्हणाले.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी बोलणं सोडलंय. उभी ऱ्हायले की आता समोरच्यांची तोंडंच बघत बसते. ह्यातला कोण खरं बोलतोय, कोण न्हाई. मग शब्दच येत न्हाईत."

आप्पा त्यानंतरही दर वर्षी त्यांना बोलवायला जात राहिले. बाई दर वर्षी चहा देत, पोरांची चौकशी करत, आणि नाही म्हणत.