सासूबाईनं सोडलेली सांबारवडी

तुम्ही माझ्या दुकानात कधी आल्या नाही, पुढंही येणार नाही, म्हणूनच तुमच्याजवळ बोलून राहिली. हे माझ्या तोंडातून पूर्ण असं कधी निघालंच नाही — नवऱ्याजवळ अर्धं निघालं, देवाजवळ तं तेवढंही नाही.

मी ब्लाऊज शिवते. मानेवाड्यात आमचं घर आहे, पुढच्या खोलीत दुकान, मधात पडदा. पडद्यामागं बाईच्या छातीभोवती टेप धरला की ती काय काय बोलते, ते मलेच माहीत. पण मागच्या वर्षापासून बाया माझ्याजवळ नाही बोलत, माझ्या पोरीजवळ बोलतात. प्राची नाव तिचं. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, रविवारी घरी असते. तिनं मागच्या वर्षी ऑपरेशन करून छाती कमी करून घेतली. हाव, छाती. मी हा शब्द आताही हळूच बोलते, आणि ही पोरगी भर दुकानात बोलते!

बाया विचारतात, दुखते का वं? प्राची म्हणते, दुखते नं काकू, चार-पाच दिवस तं उठता-बसता आठवण येते, मंग कमी होते. व्रण राहते का? राहते. पहिले लाल, मंग फिका, पण पुसून नाही जात. लेकराले पाजता येईल का? पुष्कळजणींले येते, पण डॉक्टर खात्री देत नाही, म्हणून लग्न ठरायचं असंल तं हे आधी नीट विचारून घ्या. परत वाढते का? वजन वाढलं तं वाढू शकते. एका काकूनं आपलं पोट धरून दाखवलं — हे ओढून घेतलं तं मी बारीक होईन का? प्राची म्हणे, काकू, तो वजन उतरवायचा उपाय नाही, आकार नीट करायचा आहे, पहिले सकाळचं फिरणं तं सुरू करा. आणि एकीनं विचारलं, नवऱ्याची परवानगी लागते का? प्राची खदखदून हसली. छाती कोणाची आहे काकू?

माय वं, काय पोरगी आहे! मी मशीनवर बसून ऐकते आणि माझा ऊर भरून येते. एवढी साफ जीभ हिनं आणली कुठून? माझ्याकडून तं नाहीच.

पण बोलण्याच्या शेवटी ती एक वाक्य हमखास बोलते. म्हणते, मी कायची हिंमतवाली काकू, हिंमतवाली तं माझी आई. मी त्रास होते म्हणून केलं, तिले तं गाठी होत्या. मंग सगळ्या बाया माझ्याकडे पाहतात. आणि मी? मी सुईत दोरा ओवायले घेते. दोरा ओवणाऱ्या बाईले कोणी मान वर कर म्हणत नाही.

थांबा. सांगते. सरळ जाता नाही येत मले, जरा फिरून येऊ द्या.

प्राची तेव्हा शाळेत होती. माझं अंग जड होतं — म्हणजे बाकी मी बारीकच, पण छाती अशी की खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या. मशीनवर वाकली की पाठ फाटल्यासारखी दुखे. आपला नागपूरचा मे महिना तुम्हाले ठाऊक आहे. कूलरपुढं बसूनही खालची कातडी घामानं सोलून निघे. वरून रस्त्यावरची पोरं. वरून लग्नाकार्यातल्या बाया — अवो, तुले काय, तुले तं देवानं भरभरून दिलं! साऱ्या मोहल्ल्याच्या बायांचं अंग मी कात्रीनं झाकून-सावरून दिलं, माझ्या अंगापुढं माझी कात्री हरली.

शेवटी धंतोलीच्या एका डॉक्टरकडे एकटीच गेली. डॉक्टरनं सगळं समजावलं, मंग म्हणे, ताई, काही विचारायचं आहे? प्राची गेली तेव्हा तिनं डॉक्टरले अर्धा तास उठू दिलं नाही. मी एकच प्रश्न विचारला. व्रणाचा नाही, दुखण्याचा नाही. मी विचारलं, कोणाले समजेल का?

ह्यांले खरं सांगतलं. हे म्हणाले, करून घे, पण घरी काय सांगशील? आणि माझ्या तोंडातून निघालं — गाठी आहेत म्हणून सांगू. दोन्हीकडं. इतकं सहज निघालं, जसं कोणी मनात शिवूनच ठेवलं होतं.  ह्यांनी ते आजपर्यंत कोणाजवळ फोडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, काहून वं बाई? त्रास होता, त्रास सांगायचा. पण तुम्हीच सांगा, छातीच्या वजनाले आपल्याकडं कोणी त्रास म्हणते का? लोक म्हणाले असते, पोरगी शाळेत जाते अन् हिले आता फिगर पाहिजे. त्याची भीती होती. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं जास्त वाईट आहे. गाठी म्हटल्यावर मोहल्ला माझ्या पलंगाशी आला. मौद्याहून नणंद आली, रडली. ज्या बाया मले पाहून एकमेकींले कोपर मारायच्या, त्या माझ्या कपाळावरून हात फिरवू लागल्या. आणि मले आवडलं हो. खूप आवडलं.

आणि सासूबाई! कुहीकडच्या खेड्यातल्या, सारी जिंदगी धानाच्या बांधीत वाकलेल्या, एवढ्याशा बाई. मले हात वर करता येत नव्हते तं माझी वेणी त्या घालत. पाण्यानं भरलेला गुंड उचलू देत नव्हत्या. माझ्या पलंगाजवळ खाली चटई टाकून झोपायच्या, मी कूस बदलली की उठून बसायच्या. माझ्या सख्ख्या मायनं केलं नसतं एवढं त्यांनी केलं. मी डोळे मिटून पडून राहायची. खोटं बोलणाऱ्याले डोळे मिटणं बरं पडते.

मंग थंडी आली. थंडी आली की सासूबाईची सांबारवडी, हे आमच्याकडे ठरलेलं. बाजारात ताजा हिरवागार सांबार आला की त्या पोतंभर आणायच्या — तुमच्याकडं कोथिंबीर म्हणतात, आम्ही सांबार म्हणतो. खसखस, खोबरं, पातळ पारी, आणि बाजूले आंबट कढी. त्यांची वडी म्हणजे अशी की शेजारी वास घेत फाटकाशी यायचे. पहिली वडी त्या स्वतः खायच्या, उभ्या उभ्या, डोळे मिटून. त्या वर्षी पहिली वडी त्यांनी माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, "तू पाय वं, मीठ बरोबर आहे का? मले नाही खाता येत."

काहून, तं म्हणे नवस. मी दवाखान्यात होती तेव्हा त्या गुडघे धरून रामटेकचा गड चढल्या आणि रामापुढं बोलल्या, सून सुखरूप घरी येऊ दे, मी सांबारवडी सोडली. जन्मभरासाठी. सोडायचं तं आवडीचंच सोडायचं, म्हणे, नावडीचं देवाले कायले द्यायचं?

तेव्हा मी बोलायचं होतं. वडी माझ्या हातात होती, गरम होती, घरात आम्ही दोघीच होतो. मी ती खाल्ली आणि म्हटलं, मीठ बरोबर आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तं मी हे पोटातच ठेवलं असतं कदाचित. पण माझ्या पोरीले माझंच अंग आलं. मागच्या वर्षी ती म्हणे, आई, पाठ जाते माझी, मी दाखवून येते, तू चल सोबत. आत तिनं एकामागून एक प्रश्न विचारले, न लाजता. डॉक्टरीणबाई खुश झाल्या. मंग त्यांनी विचारलं, घरात कोणाले छातीत गाठ होती का? प्राचीनं माझ्याकडं बोट केलं. आईले होती, दोन्हीकडं, ऑपरेशन झालं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. कोणती गाठ होती, काही कागद आहेत का? एक शब्द बोलायचा होता मले. 'नव्हती.' बस. तिथं सासूबाई नव्हत्या, मोहल्ला नव्हता. ज्या कारणासाठी माझी पोरगी आली होती, त्याच कारणासाठी मी गेली होती. आणि मी म्हटलं, साधीच होती, कागद हरवले.

मंग सोनोग्राफी झाली. त्यात एक लहानसं काही दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असं दिसते, एरवी मी नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं. पण आईले होतं, म्हणून सुईनं तपासून घेऊ.

आईले होतं म्हणून.

माझ्या लेकीच्या छातीत सुई गेली. रिपोर्ट यायचा होता तेवढे दिवस ती हसत होती, दुपट्टा आवरून नोकरीवर जात होती. आणि एका संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं विचारलं, "आई, तुले भीती वाटली होती का गं तेव्हा?" मी म्हटलं, वाटली होती. खोटं नव्हतं ते. पण तिनं विचारलेली भीती ती नव्हती. मी तिच्या केसांतून हात फिरवला, जसा बायांनी माझ्या कपाळावरून फिरवला होता, आणि तेव्हाही नाही बोलली. सांगा, अशी माय पाहिली का तुम्ही कुठं?

रिपोर्ट चांगला आला. तो यायच्या आधीच सासूबाई एका नातेवाईकाले घेऊन रामटेकले जाऊन आल्या होत्या. आता त्यांच्याच्यानं गड चढवत नाही. गाडी जाते तिथपर्यंत गेल्या, उरलेल्या पायऱ्या बसत बसत चढल्या. या खेपेले चहा सोडला. ज्या बाईची सकाळ चहाशिवाय उजाडत नव्हती, ती आता कपबशीत गरम पाणी ओतून पिते. बशीत ओतून, फुंकून, चहासारखंच. चेहऱ्यावर एक आठी नाही. मले त्यांच्यासारखी बाई दुसरी माहीत नाही.

प्राचीचं ऑपरेशन छान झालं. तिचं तुम्हाले सांगतलंच.

या थंडीतली गोष्ट आहे, मागच्याच आठवड्यातली. सासूबाई चुलीशी बसून वड्या तळत होत्या. प्राची त्यांच्या गळ्यात पडली, आजी, आई धडधाकट आहे, मी धडधाकट आहे, किती वर्षं झाले, आता एक खाय नं! घास तोंडापर्यंत नेला तिनं. सासूबाईनं तोंड फिरवलं. म्हणाल्या, "नाही बाप्पा. मी खाल्ली अन् तुह्या मायची गाठ परत आली तं? देवाशी चालूगिरी नाही करत मी."

मी तिथंच होती, कढीले फोडणी देत होती.

मंग त्यांनी झाऱ्यातली पहिली वडी निथळली, बशीत घातली आणि दरवर्षीसारखी माझ्यापुढं धरली. मीठ पाय वं, म्हणाल्या.

मी खाल्ली. म्हटलं, बरोबर आहे.