मामांच्या शेगडीचा जाळ

मामा गेल्याचं शेजारच्या गोठेवाल्याने फोनवर कळवलं. "ताई, मामा दार उघडून नाही राहिले, म्हणून मी मागून आत गेलो…" एवढं बोलून तो थांबला. पुढचं मला समजलं.

मामांचं घर नागपूरबाहेर, उमरेड रोडला. गोठ्यात म्हशी आणि मागे गोबरगॅसची टाकी. मामी शेण कालवून टाकीत सोडायची, त्यावर सगळ्यांचा स्वयंपाक व्हायचा. पुढे मामांनी संडास बांधला आणि त्याचा पाइपही त्याच टाकीला जोडला. आत सगळं कुजून गॅसच होतो, जाळाला कसला विटाळ, असं ते येणाऱ्याला समजावत. पण नातेवाईक त्यांच्याकडचा चहा टाळू लागले, मग येणंच टाळू लागले. मामी एकदा म्हणाली, "काहून जिद्द करता? माणसं तुटून राहिली." मामा म्हणाले, "मंग काय नाल्यात सोडू वं?" पाइप तसाच राहिला.

मामी गेली, तेव्हा तेरवीच्या स्वयंपाकाला आलेल्या बायकांनी त्या शेगडीला हात लावला नाही. कुणीतरी सिलिंडर आणलं. पंगती उठल्यावर मामांनी आपल्या शेगडीवर मूठभर भात टाकला आणि मागच्या पायरीवर एकटेच जेवायला बसले. मी ताट घेऊन शेजारी गेले, तर म्हणाले, "तू तिकडचं जेव. तुले त्यांच्यात राहायचं आहे."

पुढे झेपेना म्हणून म्हशी विकल्या. मुलाने बुटीबोरीला कंपनीजवळ संसार थाटला. घर रिकामं होत गेलं तसा जाळ बारीक होत गेला. एकट्या माणसाच्या संडासावर चहाही धड उकळत नाही, म्हणून मामा गोठेवाल्याकडून घमेलंभर शेण आणत. मला फोनवर म्हणायचे, "ये ना वं चार दिवस. दोघं असलो तं वरणही शिजते." मी जाऊन राहायचे. निघायच्या सकाळी ते मला शेगडीपाशी बोलावून चार दिवसांत मोठा झालेला जाळ दाखवायचे.

परवा घर आवरायला गेलो. मामेभाऊ पुढच्या खोलीत कपाट रिकामं करत होता. मी मागे गेले. गॅस साठला की टाकीवरचं लोखंडी झाकण वर येतं. अलीकडे ते कायम खाली बसलेलं असायचं. आता गॅस जाळणारं कुणी नव्हतं, तर ते चांगलं हातभर वर आलं होतं.

मी शेगडी पेटवली. भावाला विचारलं, "चहा ठेवते, घेशील?"

"राहू दे," तो आतूनच म्हणाला.

मी एका कपाचं पाणी ठेवलं.