आपल्याच गल्लीतली सूचना

नाव साहेबराव, आणि सगळा जन्म गेला साहेब लोकांचे निरोप वस्तीला सांगण्यात. मी हे त्यांना तोंडावर म्हणायची, आणि ते हसायचे. आता कुणी म्हणत नाय.

मी सुरेखा, त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. आमची वस्ती गंगापूर रोडला, कंपन्यांच्या मागं. समोरच रंगाची कंपनी, तिच्या मोठाल्या टाक्या. नवीन माणूस आला की नाकाला रुमाल लावतो, आम्हाला तो वास आता येतच नाय. कंपनीत काही बिघडलं की भोंगा वाजणार, आणि वस्तीनं हातातलं टाकून शाळेच्या ग्राउंडावर जायचं, असा नियम हाय. त्याचा दरवर्षी सराव करावा लागतो. सरावाआधी लोकांना सांगावं लागतं, नायतर म्हातारीकोतारी घाबरून रस्त्यात पडायची. हे सांगायचं काम साहेबराव भाऊजींचं. कंपनीत झाडलोट करायचे, आवाज खणखणीत, म्हणून साहेबांनी बॅटरीवरचा कर्णा त्यांच्या हातात दिला.

काय मजा यायची तेव्हा! गल्लीगल्लीतून ओरडत जायचे, "ऐका हो! आज दुपारून भोंगा वाजणार. खोटा भोंगा हाय, घाबरायचं काम नाय! मावशे, चुलीवरचं दूध तेवढं उतरव, ते मात्र खरंच उतू जाईल!" साहेबांच्या कागदात 'सराव' असं असायचं. पण सराव म्हटलं की म्हाताऱ्यांच्या डोक्यात शिरायचं नाय, म्हणून भाऊजींनी आपल्या अकलेनं त्याचं 'खोटा' केलं. सगळ्यांना पटलं. लहान लेकरंसुद्धा खोटा भोंगाच म्हणायला लागली.

चार वर्षं झाली त्याला. त्या दिवशीचा सराव दुपारचा होता. सकाळी भाऊजी ओरडून गेले, आणि दुपार व्हायच्या आधीच भोंगा वाजला. आम्ही म्हटलं, साहेबांना जेवायची घाई झाली असंल. मी भाकरी थापत होते. तव्यावरची उलटली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. कोण उठतंय! मग वास आला. आम्हाला, ज्यांना कधी वास येत नाय, त्यांना आला. तेव्हा कुठं पळालो.

भाऊजींचा आकाश त्याच कंपनीत कंत्राटावर होता. एकुलतं एक लेकरू. टाकीपाशी पाइप धुवत होता. सोबतचा पोरगा ओरडला, चल लवकर. हा हसला. म्हणाला, "अरे खोटाय तो. माझ्याच बापानं सांगितलंय सकाळी. एवढं उरकतो न येतो."

वस्तीतलं कुणी दगावलं नाय. एकटा आकाश गेला, त्या गळक्या टाकीपाशीच. त्याचं लग्न ठरवायचं चाललं होतं, पोरगी दौलताबादची बघून ठेवलेली. आजही त्याचं नाव काढलं की माझा जीव तुटतो.

हे आकाशचं बोलणं सोबतच्या पोरानं त्याच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं. बुद्धवंदना झाली होती, लोक जेवायला बसत होते. त्या येड्याला वाटलं, आईबापाला पोराचे शेवटचे शब्द सांगावेत. गोजरबाई, म्हणजे भाऊजींची बायको, तिथंच बसलेली. तिनं ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. भांडण नाय, शिव्याशाप नाय. नुसतं बोलणं बंद. "सुरेखा, त्यांना म्हणावं गोळी घ्या." आणि ते हाताच्या अंतरावर बसलेले! मी लई चिडायची. "मी काय तुमची टपालपेटी हाय का गं?" म्हणायची. पण गोळी नेऊन द्यायची मीच. दोघं एका छताखाली वाळत चालले होते, आणि मला दोघांपैकी एकाचीही बाजू घेता येत नव्हती.

एवढं होऊनसुद्धा भाऊजींनी कर्णा सोडला नाय. लोक मागं बोलायचे, याला काही वाटतं का म्हणून. मी समोरच विचारलं. म्हणाले, "मी सोडला तर दुसरा कुणी येईल. लोकांना समजावं म्हणून तो बी खोटाच म्हणंल." त्यांनी स्वतः तो शब्द टाकला होता. 'सराव' म्हणायचे, आणि ओरडायचे, "वाजला की निघायचं. खरं काय ते ग्राउंडावर गेल्यावर बघू." फक्त आमच्या गल्लीत यायचे नाय. कोपऱ्यावर कर्णा खाली करायचे आणि मला खूण करायचे. मग मी घरोघर सांगत फिरायची.

औंदा कंपनीत सुरक्षेचे नवे साहेब आले, अभय नावाचे. पोरगा चांगला, कामाला पक्का. सरावाआधी वस्तीत फिरून विचारायला लागला की सूचना तुमच्यापर्यंत कोण पोचवतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी माझं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, "साहेबराव, हे चालणार नाही. नियम आहे, प्रत्येक गल्लीत कंपनीच्या माणसानं स्वतः सांगायचं." त्या बिचाऱ्याला काय माहीत! मी सांगायला तोंड उघडलं, तर भाऊजींनी मलाच गप्प केलं. "साहेबांचं बरोबर हाय," म्हणाले.

सरावाच्या दिवशी त्यांनी आमची गल्ली शेवटाला ठेवली. आम्ही सगळ्या दारात उभ्या. भाऊजी एकेक घर करत आले आणि आपल्या दारासमोर थांबले. कर्णा तोंडाला लावलेला, पण आवाज फुटंना. अभयसाहेब मागून म्हणाला, "बोला ना." तेवढ्यात गोजरबाई बाहेर आली. पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी राहिली, आणि सरळ नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आज खरा का खोटा?"

चार वर्षांनी बोलली, तेही हे!

भाऊजींचा कर्णा चालूच होता, त्यामुळं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "मला नाय कळत, गोजर. वाजला की निघायचं."

"हेच पोराला सांगायचं होतं," ती म्हणाली.

"व्हय," भाऊजी म्हणाले.

त्यांनी कर्णा खाली ठेवला आणि दारातच, मातीत बसले. अभयसाहेबाचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी हळूच त्याच्या कानात सांगितलं असावं. त्यानं फोन काढला, बहुतेक थांबवा म्हणायला, पण भोंगा वाजलाच.

गल्ली निघाली. लेकरांना कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांचे हात धरून सगळे ग्राउंडाकडं निघाले. मी भाऊजींना म्हटलं, उठा. ते ऐकंनात. "तू जा," म्हणाले, "मी बसतो हितंच." मी ओढलं, विनवलं, शेवटी रडायला लागले. गोजरबाई पुढं गेली होती. वळून बघितलं तिनं, आणि पळत माघारी आली.

"उठा," ती भोंग्याच्या वर ओरडली. "एक मागं राहिला तेवढा बास झाला मला. उठा!"

आणि दोन्ही हातांनी दंड धरून ती त्यांना ग्राउंडाकडं ओढत घेऊन गेली.