विल्फचं गवत

विल्फ रेनशॉच्या दफनाला बागमंडळाचे सगळे पुरुष काळे कोट घालून आले, आणि प्रार्थना चालू असताना निम्म्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. लीकच्या भाजीचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, बाहेर वारा सुटलेला, आणि वाऱ्याने पात फाटली की लीक बाद. विल्फला यात काही वावगं वाटलं नसतं. तोही बायकोच्या दफनाला असाच बाहेर बघत होता. मी शेजारी बसले होते म्हणून मला ठाऊक.

आमचं विनशॉ गाव कोळशाच्या खाणीवर वसलेलं. दिवसभर जमिनीखाली राबून वर आलेल्या पुरुषांना पुन्हा मातीतच हात घालावेसे का वाटतात, हे मला जन्मात कळलं नाही. पण रेल्वेरुळांपलीकडे प्रत्येकाचा एक वाफा, आणि वाफ्यात कांद्याच्या भावकीतलं हे लीक, मनगटापेक्षा जाड. बी पेरलं तर लेकरू कुणाच्या वळणावर जाईल सांगता येत नाही. म्हणून उत्तम लीक प्रदर्शनानंतर पुन्हा जमिनीत ठेवायचं. पुढल्या उन्हाळ्यात त्याला बोंड धरतं आणि बोंडावर केसासारखे कोंब फुटतात. त्याला आम्ही गवत म्हणतो. ते लावलं की आई तशी लेक. विल्फचं गवत त्याच्या आज्यापासूनचं होतं. माणूस एक वेळ बायकोचा दागिना उसना देईल, गवत देणार नाही.

आम्हा बायकांना मंडळात जागा नव्हती. आमची जागा मागच्या स्वयंपाकघरात. प्रदर्शन शनिवारी, आणि सोमवारी बक्षिसाची, बिनबक्षिसाची, सगळी लीक आमच्या पातेल्यांत. ते सूप किटल्यांत भरून गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या, विधवेच्या, आजाऱ्याच्या दारी जायचं. मंडळ काय करतं असं विचारलं तर पुरुष चषक दाखवतात. मी किटल्या दाखवते.

विल्फने जन्मात एकदाच गवत दिलं, सेप हार्लेला. सेप त्याचा खाणीतला जोडीदार, वाफाही लागूनच. सेपच्या मुलीच्या बारशाला सगळ्यांनी रीतीप्रमाणे तिच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवलं. विल्फने पाळण्याशेजारी ओल्या कापडात गुंडाळलेली पेटी ठेवली.

"हे काय रे, पोरीला चारा?" सेप म्हणाला.

"चांदी काळी पडते. हे दर वर्षी वाढेल," विल्फ म्हणाला. त्यावर सेप भर बारशात रडला.

मग चौऱ्याऐंशीचा खाणकामगारांचा संप आला. वर्षभराचा. डिसेंबरात सेप कामावर परत गेला. खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून, मान खाली घालून. त्याच्याकडे कारण होतं. कारण सगळ्यांकडेच होतं. मंडळाने यादीतून त्याचं नाव काढून टाकलं आणि त्याच्या भिंतीवर कुणीतरी 'संपफोड्या' लिहिलं. त्या दिवसापासून गावात त्याच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही. दुकानात तो माझ्या मागे उभा असला तर मी दुकानदाराला म्हणायची, "दार लाव रे, घाण येतेय." मला त्या बोलण्याची लाज वाटत नाही. आमची पोरं त्या हिवाळ्यात चिंध्या जाळून शेकत होती.

लीकच्या कोवळ्या रोपांना हिवाळ्यात काचेखाली ऊब लागते. संपावरच्या खाणकामगाराकडे कोळसा नव्हता. जानेवारीच्या एका रात्री विल्फची सगळी रोपं गारठून मेली. उरली ती बोंडासाठी जमिनीत राखलेली तीन लीक, आज्याची शेवटची खूण. फेब्रुवारीत मंडळाच्या स्वयंपाकघरात आम्ही रोज गावाला जेवू घालत होतो, आणि एका दिवशी पातेल्यात नुसतं पाणी आणि बार्ली होती. विल्फ आला आणि ती तीन लीक त्याने माझ्यासमोर ठेवली. मुळांची माती अजून ओली होती.

"विल्फ, ही राखणीची ना?"

"चीर."

"अरे, उद्या कुठून तरी बटाटे येतील. एक दिवस थांब."

"पोरं रांगेत उभी आहेत, एनिड. चीर म्हणतो ना."

मी चिरली आणि रडले. विल्फने मात्र वाडगं पुढे केलं आणि दुसऱ्यांदाही मागून घेतलं.

मार्चमध्ये संप हरून सगळे बँडच्या तालावर कामावर परत गेले. मे महिन्यात, लावणीच्या दिवसांत, विल्फच्या वाफ्याच्या फाटकाशी रोपांचा एक ट्रे ठेवलेला सापडला. नाव नाही, चिठ्ठी नाही. नाव कशाला हवं? तशी पात विल्फची, आणि विल्फखेरीज एकाच माणसाची. वाफ्यावाफ्यातले पुरुष फावड्यांवर रेलून बघत राहिले. संपफोड्याच्या हातचं पाणीही कुणी घेत नव्हतं. विल्फ दिवसभर बाकड्यावर त्या ट्रेसमोर बसून राहिला. संध्याकाळी उठला आणि गुडघे टेकून एकेक रोप लावू लागला. कुणीतरी थुंकलं. त्याने मान वर केली नाही.

प्रदर्शनाआधी मंडळाची माणसं प्रत्येकाच्या लीकवर शिक्का मारायला जातात, बाहेरचा माल कुणी आणू नये म्हणून. विल्फने त्यांना फाटकाशीच थांबवलं.

"शिक्का नको. ही टेबलावर जाणार नाहीत."

"मग वाढवलीस कशाला रे, बघायला?"

"पातेल्याला."

त्याची टेबलावरची जागा रिकामी राहिली. सोमवारी त्याने सगळी लीक स्वयंपाकघरात आणून टाकली. किटल्या भरून झाल्यावर म्हणाला, "अजून एक भर."

कुणासाठी ते मी ओळखलं. "त्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"तुला कोण म्हणतंय? तू भर. पाय माझे आहेत."

त्याने किटली सेपच्या पायरीवर ठेवली, दार न वाजवता. दुसऱ्या दिवशी ती घासूनपुसून विल्फच्या फाटकाला अडकवलेली होती. दोघे एकमेकांशी बोलले मात्र नाहीत. रस्त्यात समोर आले तर एक जण पलीकडे व्हायचा.

हे दर वर्षी चालू राहिलं. मेमध्ये ट्रे, सप्टेंबरात किटली. खाण बंद पडली, पुरुषांचे केस गेले, मंडळाने एकदाचं बायकांनाही नाव नोंदवू दिलं, तरी चालूच. मला एकच गोष्ट डाचत होती. विल्फ एकही लीक राखणीला ठेवायचा नाही. सगळी माझ्या पातेल्यात. "आज्याचं गवत परत आलंय, एक तरी ठेव की मेल्या," मी म्हणायची. "सूप कमी पडेल," तो म्हणायचा. मला वाटायचं हट्टी आहे. तो गेल्यावर त्याचा वाफा रिकामा करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने एक जरी ठेवलं असतं, तर पुढच्या मेमध्ये सेपच्या ट्रेची गरज उरली नसती.

दफनानंतर प्रदर्शन झालं, आणि त्या सोमवारी विल्फची लीक मी चिरली. किटल्या गेल्या. एक राहिली. मी ती दोनदा उचलून खाली ठेवली आणि मग कोट घातला.

पायरीवर ठेवून परतायचं ठरवलं होतं. पण मी विल्फ नाही. मी दार वाजवलं. सेपने उघडलं. फार म्हातारा झाला होता. दाढी अर्धवट झालेली. त्याने किटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"निवायच्या आत खा," मी म्हणाले.

त्याने किटली घेतली. मी फाटकापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"एनिड. मे महिन्यात ट्रे कुणाच्या फाटकाशी ठेवू?"

मी आयुष्यात फावडं धरलेलं नव्हतं. "माझ्या," मी म्हणाले.