अणुमामा आणि सोलरवाले इवाई

अणुमामा कुणाच्याही घरी गेले की नमस्कार करायच्या आधी भिंतीवरचं बटण खटकन दाबून बघत. दिवा लागला तर त्यांचा चेहरा खुलायचा. नाही लागला तर जास्तच खुलायचा, कारण बोलायला विषय मिळायचा. ते माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. पवनीत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत हातमाग. पण देशाला कोळशाच्या धुरातून काढायचं तर अणुवीज आणि पाण्याची वीज यांवाचून तरणोपाय नाही, हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की बाया पदर न बघताच लुगडं घेऊन पळ काढत.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतरची ती भारनियमनाची वर्षं. लाइट गेली की चौकात कुणीतरी म्हणायचंच, "गोंदियावाल्यानं नेली वाटते." मामा लगेच म्हणत, "वाटून घ्याले आधी शिजाव तं लागते ना जी." मग स्वयंपाक सुरू व्हायचा. "अणू म्हंजे भात. रोज पायजे, दोन्ही टाइम पायजे. पाणी म्हंजे वरण. पाहुणे आले का धरणाचा दरवाजा उघडा अन् वाढवा." ऊन-वाऱ्याचं काय, असं विचारलं की म्हणत, "ते लोणचं. ताटात पायजेच, पण लोणच्यानं पोट भरते का?" अणुभट्टी फुटेल म्हणणाऱ्याला त्यांचा सवाल ठरलेला, "कुकरच्या भेवानं तुह्या बायकोनं भात सोडला का?" तुमच्या मागाला तर वीज लागतच नाही, असं कुणी चिडवलं की ते म्हणत, "माग हातानं चालते, देश नाही चालत."

एकाच प्रश्नाला ते नरमत. धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांचं काय? आमच्याच धानाच्या शेताची बांधी त्या पाण्याखाली होती. "ज्याची जमीन गेली त्याच्या घरी पयला दिवा लागला पायजे. नाही लागला तं माहं बोलणं फुकट," एवढं म्हणून ते गप्प होत. मला त्यांची सगळी भाषणं मिळून जेवढी पटली नाहीत, तेवढं ते गप्प होणं पटायचं.

खरी पंचाईत झाली त्यांच्या वैशूची. मुलगी गुणाची, पण पाहुण्यांचे पोहे संपायच्या आत मामा भात-वरणावर येत आणि पाहुणे पुन्हा तोंड दाखवत नसत. कोंढ्याच्या एका पाहुण्याला तर मुलगा काय करतो हे विचारायचं सोडून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडची वीज कायची?" शेवटी भंडाऱ्याचं स्थळ आलं. मुलगा वैशूच्या कॉलेजातला, दोघांचं आधीच जमलेलं. हे मामांशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण एवढीच की मुलाच्या वडिलांचं सौर दिव्यांचं दुकान होतं आणि मुलगाही तिथंच बसायचा. वैशूनं मला बाजूला घेतलं. "दादा, बाबाले काही बी करून गप ठेव. हे मोडलं तं मी लगनच करत नाही." तिचे डोळे भरले होते.

मी मामांना देवाची शपथ घातली. त्यांनी ती चहापर्यंत पाळली. दुपारचं आभाळ दाटलेलं, त्यात लाइट गेली. पाहुण्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, पिशवीतून सौर कंदील काढून टेबलावर ठेवला. "आता यातच देशाचं भविष्य हाय जी." कंदील मिणमिणला.

"चार्जिंग कधी केलती?" मामांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"परवा."

"काल काहून नाही?"

"काल आभाळ होतं ना जी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, दाराआडच्या वैशूकडे पाहिलं. पण त्यांना राहवलं नाही. लोणचं बाहेर पडलंच. पाहुणे ताडकन उठले. "म्हंजे माहा पोरगा लोणचं विकते?" पिशवी उचलून ते चालू लागले. मामा बोलत बोलत त्यांच्यामागे, मी दोघांच्या मागे. एसटी स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागली आणि सुटली. त्यानंतरचीही सुटली. दोघंही हातवारे करत तसेच उभे. शेवटी भुकेनं दोघं घरी परतले. जेवताना पाहुणे म्हणाले, "बोलणं पुरं नाही झालं जी. पुढच्या रविवारी येतो." मामी वाढता वाढता म्हणाली, "दर रविवारी याचं असन तं नातं लागलं पायजे ना."

असं वैशूचं लग्न जमलं. व्याहीभेटीला दोघांनी गळ्यात हार घालून एकमेकांना मिठी मारली. ती सुटता सुटेना, तेव्हा बाया डोळे पुसू लागल्या. मी जवळ होतो. मामा इवायांच्या, म्हणजे नव्या व्याह्यांच्या, कानात म्हणत होते, "थंडीत दिवस लहान होते, तवा काय करता?"

पुढे कितीतरी रविवार हेच चाललं. मग मामा गेले. तेरवीला जेवणं आटोपल्यावर जावयाचा एक मित्र इवायांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, "काका, आता घरोघरी सोलर लागून राहिलं. मामा असते तं हरले असते."

"हरले?" इवाई उसळले. "दिवस बुडल्यावर कारखाना कोण चालवते? दवाखाना कोण चालवते? मूठभर इंधनात रातदिन चालते असं दुसरं काय हाय, सांग मले. अन् सांजच्याले सगळे दिवे एकदम लागले का पाण्याबिगर कोण धावून येते?" मामांचं सगळं म्हणणं त्यांनी त्वेषानं मांडलं. मग थांबले आणि उत्तराची वाट पाहू लागले.

वैशूनं पदरानं नाक पुसलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "पण बाबूजी, बॅटऱ्या हायेत ना आता."

इवाई खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाले, "बस. सांगतो."